‘बाळाच्या हृदयासाठी’ येणारा डबा: एक परीक्षण

पुण्यात गरोदर स्त्रियांसाठी खास डबा पुरवणाऱ्या घरगुती सेवा अलीकडे बऱ्याच निघाल्या आहेत. दोघेही नोकरी करतात, माहेर दूर असते, सासूबाईंची गुडघेदुखी बळावलेली असते, आणि डॉक्टरांनी तर ‘आहाराकडे लक्ष द्या’ असे बजावलेले असते. अशा घरांना या डब्याचा खरोखर आधार वाटतो. सिंहगड रस्त्याच्या परिसरातील अशाच एका सेवेचा डबा माझ्या वहिनीने चौथ्या महिन्यापासून प्रसूतीपर्यंत घेतला. सेवेचे नाव येथे देत नाही, कारण तिच्या पत्रकातील दावे इतर अनेक सेवांच्या पत्रकांतही थोड्याफार फरकाने वाचायला मिळतात आणि माझा मुख्य आक्षेप त्या दाव्यांवर आहे. डब्यात प्रत्यक्ष काय येते याबद्दल मी बरेचसे चांगले लिहिणार आहे. ‘आमचा आहार बाळाचे हृदय आयुष्यभरासाठी मजबूत करतो’ या वाक्याबद्दल मात्र तसे लिहिता येणार नाही.

आधी डब्याविषयी. चार खणांचा स्टीलचा डबा दुपारी बाराच्या सुमारास येतो आणि त्याबरोबर संध्याकाळच्या खाऊची एक छोटी डबी असते. पालेभाजी जवळजवळ रोज असते आणि ती केवळ पालक-मेथीवर भागवलेली नसते. चाकवत, चुका, अंबाडी, राजगिरा, माठ, शेपू अशा भाज्या आलटून पालटून येतात. चाकवताची ताकातली पातळ भाजी विशेष उल्लेखनीय आहे: हरभरा डाळ शिजलेली पण अख्खी, शेंगदाणे मऊ, वर लसणाची बेताची फोडणी, आणि ताक फुटलेले नाही. बाहेरून येणाऱ्या डब्यात ही भाजी इतकी नीट उतरलेली मी क्वचितच पाहिली आहे. भाजीबरोबर लिंबाची फोड वेगळ्या कागदात गुंडाळून येते आणि जेवणानंतर तासभर चहा टाळण्याची सूचना झाकणावर चिकटवलेली असते. या दोन्ही गोष्टींमागे कारण आहे. पालेभाजीतील लोह शरीरात शोषले जाण्यास ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते, तर चहातील टॅनिनमुळे ते शोषण कमी होते. ज्याने हे ठरवले, त्याला विषय समजतो, हे मान्य केले पाहिजे.

भाकरी मात्र निराश करते. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरल्यावर लवकरात लवकर खावी, हे घरात सगळ्यांना ठाऊक असते. ती फॉइलमध्ये गुंडाळून दीड तास प्रवास करून आली की कडा वातड होतात आणि मधला भाग ओलसर राहतो. दोन-तीनदा सांगितल्यावर त्यांनी पोळीचा पर्याय दिला आणि तो आम्ही स्वीकारला. मीठ-तिखट बेताचे असते, परंतु रोज लोणच्याची पुडी देण्याचे कारण कळत नाही. गरोदरपणात रक्तदाबावर बारीक नजर ठेवावी लागते, आणि ज्या डब्यावर ‘हृदय’ हा शब्द छापलेला आहे त्यात रोजचे लोणचे शोभत नाही.

प्रथिनांच्या बाबतीत अधिक गंभीर त्रुटी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० मधील शिफारशींनुसार गरोदर स्त्रीला दुसऱ्या तिमाहीत रोज सुमारे ९.५ ग्रॅम आणि तिसऱ्या तिमाहीत सुमारे २२ ग्रॅम जास्तीची प्रथिने लागतात. ऊर्जेची जादा गरज मात्र सुमारे ३५० किलोकॅलरींचीच असते. म्हणजे शेवटच्या तीन महिन्यांत पोळी-भात थोडासाच वाढवायचा आणि डाळ, उसळ, दूध, दही, अंडी यांचे प्रमाण बरेच वाढवायचे. या डब्यात चौथ्या महिन्यात जेवढी वाटीभर उसळ येत होती, तेवढीच आठव्या महिन्यातही आली. वाढला तो भात, आणि सहाव्या महिन्यात बंद होईपर्यंत संध्याकाळच्या डबीतील लाडूही एकाचे दोन झाले होते. ‘दोन जिवांची आहे, खाऊ दे’ असे माझी आई म्हणते तेव्हा ते आपण प्रेमाने ऐकून घेतो. शुल्क घेऊन आहारशास्त्राचा हवाला देणाऱ्या सेवेने तेच करावे, हे पटत नाही.

आता पत्रकाकडे वळते. ते गुळगुळीत कागदावर छापलेले आहे आणि त्यात महिन्यानुसार एक तक्ता आहे. सातव्या महिन्यासमोर ‘हृदयाचे स्नायू घडवणारा बीट-सुकामेवा लाडू’ असे लिहिले आहे, आठव्या महिन्यासमोर ‘भविष्यातील हृदयविकारापासून कवच’ असे. गर्भधारणेपासून साधारण तीन आठवड्यांतच, म्हणजे पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो तेव्हा, गर्भाचे हृदय स्पंदन सुरू करते. आठव्या आठवड्याच्या आसपास त्याचे चार कप्पे आकाराला आलेले असतात. अनेक स्त्रियांना तोवर आपण गरोदर आहोत याची नुकतीच खात्री झालेली असते. जन्मजात हृदयदोष हजारी आठ-नऊ बाळांमध्ये आढळतात, त्यांची बीजे याच काळातली असतात, आणि आईला आधीपासून असलेला अनियंत्रित मधुमेह हा त्यांच्या ज्ञात कारणांपैकी एक आहे. ज्या सेवेचा पहिला डबा चौथ्या महिन्यात येतो, तिने हृदय ‘घडवण्याची’ भाषा करणे कालविसंगत आहे. चौथ्या महिन्यापासूनच का, असे मी विचारले असता, पहिल्या तीन महिन्यांत उलट्या-मळमळीमुळे डबे परत येतात आणि नोंदणी रद्द होते, असे त्यांनी सांगितले. व्यवसायाच्या दृष्टीने हे कारण रास्त आहे आणि ते त्यांनी लपवले नाही, याचे श्रेय त्यांना देते.

तरीही नंतरच्या महिन्यांतील आहाराला अर्थ नसतो, असा याचा अर्थ घेऊ नये. हृदयाच्या स्नायूपेशींची संख्या वाढण्याचे काम मुख्यतः जन्मापूर्वीच होते आणि जन्मानंतर लवकरच ते जवळजवळ थांबते. पुढे त्या पेशी आकाराने मोठ्या होतात. मूत्रपिंडातील गाळणारे सूक्ष्म घटक सुमारे छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तयार होतात आणि नंतर नव्याने होत नाहीत. हे घटक संख्येने कमी असले तर मोठेपणी रक्तदाब वाढण्याची शक्यता असते, आणि वाढलेला रक्तदाब शेवटी हृदयावरच येऊन पडतो. त्यामुळे आईचे पोषण, तिची साखर, तिचा रक्तदाब आणि वारेची (प्लॅसेंटाची) वाढ या सगळ्यांचा बाळाच्या पुढच्या आयुष्याशी संबंध आहे. पत्रकाने तो एका लाडवात बसवला, ही माझी तक्रार आहे.

या संबंधाचा शोध कसा लागला, हे पत्रकातील ‘परदेशी संशोधनाने सिद्ध’ या एका ओळीपेक्षा पुष्कळ रंजक आहे. इंग्लंडमधील साथरोगतज्ज्ञ डेव्हिड बार्कर यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की, ज्या भागांत १९२१ ते १९२५ या काळात बालमृत्यू जास्त होते, त्याच भागांत पुढे १९६८ ते १९७८ या काळात हृदयविकाराने होणारे मृत्यूही जास्त होते. त्यानंतर हर्टफर्डशायर परगण्यातील जुन्या वह्या सापडल्या. तेथे १९११ पासून आरोग्यसेविका घरोघरी जाऊन प्रत्येक बाळाचे जन्मवजन आणि वर्षभरानंतरचे वजन शाईने नोंदवत असत. त्या नोंदींवरून १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या साडेपाच हजारांहून अधिक पुरुषांचा माग काढण्यात आला, आणि जन्मवेळी व वर्षाचे असताना वजन सर्वांत कमी असलेल्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक आढळले. आपल्याकडे म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयातील १९३४ पासूनच्या जन्मनोंदी अशाच उपयोगी पडल्या. कमी वजनाने जन्मलेल्यांमध्ये मोठेपणी हृदयरोग अधिक असल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझी फौजांनी अन्नाची रसद तोडल्याने दुष्काळ पडला होता. त्या उपासमारीचा काळ ज्यांच्या आईच्या गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत आला, त्यांच्यात पन्नाशीपर्यंत हृदयरोगाचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघाले. येथेही सुरुवातीचे महिनेच, ही बाब तक्ता छापणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवी होती.

आणि ज्या शहरात हा डबा फिरतो, त्या शहराचे काम तर त्यांनी पाहिलेलेच दिसत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जिल्ह्यातील सहा गावांमध्ये मातृपोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे लहान होती, हातापायांनी काटकुळी होती, पण शरीरातील चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. वरून बारीक आणि आतून मेदयुक्त अशी ही ठेवण पुढे मधुमेह आणि हृदयविकार यांच्या वाटेवर नेणारी मानली जाते. त्याच अभ्यासात असेही दिसले की बाळाच्या आकाराचा संबंध आईने घेतलेल्या एकूण कॅलरींशी फारसा जुळत नव्हता. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाण्यात आले, याच्याशी तो अधिक जुळत होता. चाकवताच्या त्या भाजीला मी इतके गुण दिले, त्यामागे चवीइतकाच हा निष्कर्षही आहे. सेवेने पत्रकावर बीटाचे हृदयाकृती चित्र छापण्याऐवजी ही दोन वाक्ये छापली असती तरी तिच्या स्वयंपाकघराला अधिक न्याय मिळाला असता.

याच पुण्याच्या अभ्यासातील दुसरा भाग या सेवेसाठी अडचणीचा आहे. तेथील सुमारे दोनतृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. ज्या मातांमध्ये फोलेट (फोलिक आम्लाच्या गोळीतून मिळणारे जीवनसत्त्व) भरपूर आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी स्थिती, सर्वाधिक आढळला. याचा अर्थ फोलिक आम्लाची गोळी टाळावी असा मुळीच नाही. बाळाच्या मज्जारज्जूतील दोष टाळण्यासाठी ती अत्यावश्यक आहे आणि गर्भधारणेच्या आधीपासून घ्यावी असे डॉक्टर सांगतात. परंतु ब-१२ वनस्पतींपासून मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच येते, आणि वाटीभर पातळ ताकाने दिवसाची गरज भागत नाही. ही सेवा पूर्ण शाकाहारी आहे, अंड्याचाही पर्याय देत नाही, आणि तरीही पत्रकावर ‘संपूर्ण पोषण’ असे लिहिते. शाकाहार हा ज्याच्या त्याच्या निवडीचा प्रश्न आहे आणि त्याला माझा आक्षेप नाही. मग नोंदणीच्या अर्जात ‘ब-१२ तपासले आहे का’ एवढा एक रकाना तरी हवा होता. अर्जात आवडीची भाजी, नावडती भाजी, डोहाळे, इतकेच काय डोहाळजेवणाची संभाव्य तारीखसुद्धा विचारलेली आहे. हिमोग्लोबिन, ब-१२ आणि साखर यांबद्दल मात्र एक अक्षर नाही.

साखरेचा प्रश्न आम्हाला प्रत्यक्षच भेडसावला. सहाव्या महिन्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी केलेल्या तपासणीत वहिनीची साखर १४० च्या वर आली, म्हणजे गरोदरपणातील मधुमेहाचे निदान झाले. सेवेच्या आहारतज्ज्ञ फोनवर उपलब्ध असतात, म्हणून वहिनीने त्यांना लगेच कळवले. त्या अगदी गोड बोलल्या: “काही काळजी करू नका हं ताई, आपले लाडू गुळाचे आहेत, साखरेचे नाहीत.” गुळाने रक्तातील साखर वाढत नाही, ही समजूत घराघरांत आहे, पण आहारतज्ज्ञाच्या तोंडी ती ऐकून आम्ही चकित झालो. डॉक्टरांनी डिंकाचे आणि खजुराचे दोन्ही लाडू त्याच दिवशी बंद करायला सांगितले, भाताचे प्रमाण ठरवून दिले आणि दिवसातून खाण्याच्या वेळा वाढवल्या. त्यानंतर आम्ही लेखी कळवल्यावर सेवेने संध्याकाळच्या डबीत भाजलेले चणे, मोडाची मटकी आणि ताक पाठवायला सुरुवात केली. बदल चांगला होता आणि त्यांनी जादा पैसेही मागितले नाहीत. पण तो डॉक्टरांच्या चिठ्ठीमुळे झाला, सेवेच्या स्वतःच्या सल्ल्यामुळे नव्हे. आईची साखर वाढलेली राहिली तर बाळ प्रमाणाबाहेर वाढते, त्याच्या हृदयाची भिंत जाड होऊ शकते, आणि मोठेपणी लठ्ठपणा व मधुमेहाचा धोकाही वाढतो. म्हणून ‘हृदयासाठीचा डबा’ असे म्हणवून घेणाऱ्या सेवेकडे मधुमेह असलेल्या मातांसाठी वेगळी यादी तयार असणे ही किमान अपेक्षा आहे.

आता पत्रकातील ‘कवच’ या शब्दाविषयी. आईला चांगले खाऊ घातल्याने मुलाचा हृदयविकार टळतो, असे ठामपणे सांगण्याइतका पुरावा हाती आहे का, हे पाहण्यासाठी दोन प्रयोगांकडे पाहावे लागते. पहिला मुंबईतला. तेथील झोपडपट्ट्यांमधील स्त्रियांना २००६ पासून ‘सारस’ प्रकल्पात रोज एक ताजा खाऊ देण्यात आला. एका गटाच्या खाऊत पालेभाज्या, फळे आणि दूध होते, दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा-कांद्यासारखे साधे जिन्नस होते. गर्भधारणेच्या आधीपासून प्रसूतीपर्यंत हा खाऊ चालू राहिला. सर्व स्त्रियांचा एकत्रित विचार करता जन्मवजनात लक्षणीय फरक पडला नाही. गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने ज्यांनी खाऊ खाल्ला होता, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी पन्नासेक ग्रॅमने वाढले. गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण मात्र पालेभाजीच्या गटात स्पष्टपणे कमी निघाले. दुसरा प्रयोग नेपाळमधील जनकपूरचा. गरोदरपणात अनेक सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या घेतलेल्या मातांची मुले अडीच वर्षांची झाली तेव्हा त्यांचा रक्तदाब थोडा कमी आढळला, परंतु तीच मुले साडेआठ वर्षांची झाल्यावर हा फरक उरला नव्हता. जिथे वर्षानुवर्षे काम केलेले संशोधक इतके जपून बोलतात, तिथे डबेवाल्यांनी आयुष्यभराची हमी छापावी, हे ग्राहकाच्या काळजीचे भांडवल करणे आहे.

या हमीचा आणखी एक दुष्परिणाम आहे. उद्या एखाद्या बाळाच्या हृदयात दोष निघाला, तर ‘डबा घेतला नाही’ किंवा ‘पथ्य पाळले नाही’ असे बोट आईकडेच वळेल, आणि आपल्या घरांमध्ये ते वळायला फार वेळ लागत नाही. बहुतेक जन्मजात हृदयदोषांचे निश्चित कारण सापडत नाही. त्याशिवाय पुण्याच्या गावांतील अभ्यासात, गरोदरपणात शेतातली आणि पाणी भरण्यासारखी जड कामे करणाऱ्या स्त्रियांची बाळे अधिक लहान असल्याचेही दिसले होते. विश्रांती मिळणे न मिळणे हे घरातल्या सगळ्यांच्या हातात असते, तरी पत्रकात घरच्यांसाठी एकही ओळ नाही. सगळ्या सूचना ‘आई’ला उद्देशून आहेत.

खर्चाचे म्हणाल तर महिन्याचे शुल्क साध्या घरगुती डब्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. पालेभाज्यांचे वैविध्य, निवडण्या-धुण्यातील स्वच्छता आणि वेळेचा नेमकेपणा पाहता मला ते पूर्णपणे अवास्तव वाटत नाही. एकाही पालेभाजीत मातीची कचकच लागली नाही, आणि पावसाळ्यात ही साधी गोष्ट नाही. मात्र शुल्कात धरलेल्या ‘हृदय पॅकेज’साठी, म्हणजे ते लाडू, बीटाची पूड आणि फोनवरील सल्ला यांसाठी, वेगळे पैसे मोजू नयेत. विचारल्यास ते वगळून नुसता जेवणाचा डबा कमी दरात मिळतो. पत्रकात हे लिहिलेले नाही, म्हणून येथे मुद्दाम सांगत आहे.

ज्यांना हा किंवा असा दुसरा डबा लावायचा असेल, त्यांनी नोंदणीपूर्वी आपले हिमोग्लोबिन, साखर आणि ब-१२ यांचे अहवाल डॉक्टरांना दाखवून, डाळ-उसळीचे प्रमाण तिसऱ्या तिमाहीत वाढवून मिळेल का, लोणचे व लाडू वगळता येतील का आणि दह्याची वाटी घट्ट मिळेल का, हे लेखी विचारून घ्यावे. अंडी चालत असतील तर ती घरी उकडावीत. सरकारी रुग्णालयात मिळणाऱ्या लोह-फोलिक आम्लाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या डबा चालू असला तरी बंद करू नयेत. पत्रकात ‘गोळ्यांना नैसर्गिक पर्याय’ असे शब्द आहेत, ते सरळ दुर्लक्षावेत. या सेवेला मी जेवणासाठी पाचपैकी चार, सल्ल्यासाठी दीड आणि पत्रकासाठी शून्य गुण देते. नोंदणी महिन्याच्या एक तारखेपासूनच सुरू होते आणि मध्येच बंद केल्यास उरलेली रक्कम परत न मिळता पुढील महिन्यात वळती होते, तेव्हा प्रसूतीची तारीख जवळ आली असल्यास शेवटचा महिना आठवड्याच्या हिशेबाने घेणे सोयीचे पडते.